एका नकाशाचे तीन चोर

वर्तुळ पूर्ण नव्हतं. तिसऱ्या भागाच्या चौदाव्या पानावर, मजकुराच्या मधोमध छापलेल्या त्या जाड काळ्या वर्तुळाला खाली उजव्या अंगाला एक फट होती, जेमतेम दोन मिलिमीटरची. घड्याळात पाच जिथं असतात, तिथं. यास्मीननं पोलादी पट्टी आधी आडवी ठेवली, मग उभी. व्यास दोन्हीकडून चौतीस. आकडा वहीत लिहून तिनं पाचव्या भागाची पुस्तिका उघडली. तिथं त्याच नकाशाचं चित्र होतं, पण वर्तुळ नव्हतं; आयत होता. रुंदी चौतीस, उंची साडेएकोणतीस. आठव्या भागात तर तोच नकाशा त्रिकोणी झाला होता, टोक खाली करून. वरची बाजू चौतीस, उंची साडेएकोणतीस.

ह्या तीन चित्रांवरून लोक वीस-बावीस वर्षं भांडत आले होते. पट्टी लावून मोजायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं. तिलाही नाही, आणि ती तर शिरड शहापूरच्या शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवत होती.

जवळा बाजारच्या पेठेत, सरकी-ढेपेच्या दुकानाला लागून तिच्या वडिलांचा, खाजा मियांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, दुकानांच्या जाहिराती अशी कामं तिथं होत. लग्नसराई संपली की पायानं चालवायचं ट्रेडल मशीन रिकामं पडायचं आणि पत्रिकांचा रंगीत कागद उरायचा. गुलाबी, पिवळा, पोपटी. त्या कागदावर खाजा मियांनी एका उन्हाळ्यात सोळा पानांची पुस्तिका छापली. नाव ‘ध्रुवापारची लढाई, भाग पहिला’. लोखंडी दरबार नावाची एक जुलमी सत्ता. तिनं बनवायला घेतलेलं सूर्यशोषक नावाचं यंत्र, जे विहीर उपसावी तसा सूर्य उपसून कोरडा करतं. आणि त्या यंत्राचा नकाशा पळवून आणणारी, आपल्यातुपल्यासारखी माणसं.

आठवडी बाजारात दोरीवर चिमटे लावून पुस्तिका टांगल्या, तर दुपारपर्यंत दोरी रिकामी झाली. मग दुसरा भाग आला, तिसरा आला. शेजारच्या डोंगरकडा गावची पोरं सायकलवर येऊन घेऊन जायची. कापूस विकायला आलेला माणूस गाडी सुटेपर्यंत गाडीखाली बसून वाचायचा. सोळा वर्षांत अकरा भाग निघाले. आज पुण्यात, हैदराबादेत इंजिनिअर म्हणून काम करणारे चाळिशीचे लोक खाजा मियांना ईदेला आणि दिवाळीला फोन करतात आणि विचारतात, “मिया, बारावा भाग कधी?”

बारावा भाग निघालाच नव्हता. अकराव्याच्या शेवटच्या पानावर लढाई जिंकलेली आहे, ताऱ्यांच्या महासभेत सत्कार ठरलेला आहे, आणि सभापती विचारतात, “सूर्यशोषकाचा नकाशा कोणी चोरला? ज्यानं चोरला त्यानं पुढं यावं.” सभागृहात तीन जण उठून उभे राहतात. तिथं पान संपतं. पुढं खाजा मियांनी एक खिळा जुळवला नाही.

खिळा म्हणजे शिशाचं अक्षर. खाजा मिया गोष्ट कागदावर कधी लिहीतच नसत. खिळ्यांचे खण मांडलेल्या लाकडी घोड्यासमोर उभं राहायचं, खणातून एकेक खिळा उचलायचा आणि मनातली गोष्ट थेट शिशात जुळवायची. छापून झालं की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात. प्रती विकल्या की घरात एकही उरत नसे. त्यामुळे आठवा भाग जुळवताना तिसऱ्यात आपण नेमकं काय लिहिलं होतं, हे पाहायची सोयच नव्हती. सोळा वर्षं माणसानं एक अख्खं विश्व डोक्यात सांभाळलं. यास्मीनला त्याचा अभिमान होता, आणि ह्याच कारणानं आज सकाळपासून तिचं डोकंही दुखत होतं.

कारण तिसऱ्या भागात नकाशा चोरला होता कप्तान भावसिंगनं, तिजोरीतून. यानाच्या सायलेन्सरमध्ये गुंडाळी घालून त्यानं तीन नाके पार केले होते. पाचव्या भागात तो चोरला होता मंजुळानं. दरबाराच्या मुदपाकखान्यात ती भाकरी थापायची. मुख्य अभियंत्याच्या मेजावरून तिनं तो उचलला आणि परातीत भाकरीखाली दडवून नेला. आठव्या भागात चोर होता उकंडा मापाडी. खाणीच्या वजनकाट्यावर आलेल्या खोक्यातून त्यानं नकाशा काढला आणि पोकळ वजनात भरला.

हे तिघं काही हवेतून आलेले नव्हते. तिघंही ह्याच पेठेतले होते आणि तिघंही हयात होते.

शहरातल्या एका प्रकाशन संस्थेला आता अकराही भाग एका जिल्दीत छापायचे होते. तिथली संपादक प्रतिक्षा मूळची डोंगरकड्याची. लहानपणी तिनं चौथा भाग शाळेच्या दप्तरात लपवून नेला होता आणि मार खाल्ला होता. तिनंच हा विषय लावून धरला. पण संस्थेचे मालक नियमाचे पक्के. परवा प्रतिक्षानं यास्मीनला फोनवर सांगितलं, “ताई, सर म्हणतात एक चोर ठरवा. बाकी दोन भागांतला तेवढा मजकूर आम्ही बदलून घेऊ. आणि शेवट हवा, चार पानांचा का होईना. गुरुवारी पाच वाजता ह्या वर्षीची यादी बंद होतेय. तोवर मियांचं उत्तर नाही आलं, तर पुस्तक यादीतून जाईल.”

“पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी सर नसतील. आणि मी असेन का, मलाही माहीत नाही.”

खाजा मिया एकोणऐंशीचे होते. एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं मोठी अक्षरं तेवढी दिसत. यास्मीननं पुढच्या वर्षाचा हिशेब मनातसुद्धा मांडला नाही. गुरुवारी तिनं रजा टाकली आणि गावोगावच्या वाचकांकडून गोळा केलेल्या अकरा पुस्तिका घेऊन जवळा बाजारला आली.

छापखाना बंद होऊन सतरा वर्षं झाली होती, तरी खाजा मिया रोज शटर उघडून बसत. मशीनला आठवड्याला तेल पडे. दुकानातला जुना नियम अजून चालू होता. घरात दखनी, छापखान्यात मराठी. “खिळे मराठी, तर बोलणंबी मराठी,” असं ते म्हणत.

“अब्बा, आज सांगायचंय,” ती म्हणाली. “पाच वाजता फोन येईल.”

“सांगतो की.”

“कोणी चोरला?”

“सांगतो. चहा सांग आधी.”

हे उत्तर पेठेला तोंडपाठ होतं. लोकांनी कधी हसत विचारलं, कधी चिडून, कधी शपथ घालून. उत्तर एकच, “सांगतो.” अंतराळात लाख-लाख कोस यानं फिरवणारा माणूस ह्या एका प्रश्नाशी येऊन खुंटीला बांधल्यासारखा उभा राहत असे.

चहाच्या आधी चोरच आले. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते. खबर त्यांना कशी लागली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. जवळा बाजारात खबर पायी येत नाही.

पहिले भावसिंग आले. तांड्यावरचे, सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. चाळीस वर्षं त्यांनी कापसाच्या गाठी ट्रकवर नेल्या. ट्रकच्या मागं त्यांनी रंगवून घेतलं होतं, ‘नकाशाचोर भावसिंग’. एकदा परराज्याच्या नाक्यावर त्या दोन शब्दांपायी त्यांना अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं. ती गोष्ट ते पदक मिळाल्यासारखी सांगत.

“मास्तरीणबाई, फोन आला का?” ते बाकावर टेकत म्हणाले. “म्या म्हटलं, आपलं नाव छापायलेत तर आपुन हजर असावं.”

“तुमचं काहून?” दारातून आवाज आला. मंजुळाबाई बाजाराची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांची खानावळ समोरच. त्या खानावळीत देवाच्या तसबिरीशेजारी पाचव्या भागाचं अकरावं पान काचेत लावलेलं होतं. “तिसरा भाग जुना झाला. पाचव्यात मिया सुधरले.”

“सुधरले न्हाई, भ्याले,” भावसिंग म्हणाले. “तुमी चार महिने चहा धाडला न्हाई, हे साऱ्या पेठेला ठाऊक हाय.”

“धाडला न्हाई. काहून धाडावा? ह्यांच्या दुकानात पहिल्या दिसापासून मी चहा देऊन राहिले, अन् पुस्तकात नाव कोनाचं, तर डिझेलचा वास मारणाऱ्याचं.”

“अन् मला काय वझ्याचा बैल समजला का?” उकंडराव आत येता येताच म्हणाले. ते मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने मापाडी, बारीक अंगाचे, आवाज मात्र काट्यावर पुकारा करायचा. “कागदाचे गठ्ठे स्टँडवरून डोक्यावर कोनी आणले? म्याच ना? सातव्या भागापोतर गप बसलो. मग म्हटलं मियाला, बराबर न्हाई हे.”

यास्मीन वहीवरून मान न उचलता ऐकत होती. तिला हा उलगडा नवा नव्हता, पण तिघांच्या तोंडून तो एकाच वेळी कधी ऐकला नव्हता. तिनं वडिलांकडे पाहिलं. खाजा मिया मशीनचं चाक फडक्यानं पुसत होते, जिथं पुसायला काही नव्हतं तिथं.

“मी पत्रिका छापणारा माणूस,” ते हळू म्हणाले. “पत्रिकेत एक चुलता राहिला तर लग्न मोडतंय. मी डोळ्यानं बघितलं हाय. हिंगोलीकडच्या एका पत्रिकेत मामाचं नाव राहिलं, तर मामा मांडवातून उठून गेला अन् दहा वर्षं बहिणीच्या दारात आला न्हाई. तव्हापासून आपला कायदा एकच. कोनाचं नाव सोडायचं न्हाई.”

“पण अब्बा, पत्रिकेत चुलते दहा चालतात. चोर एकच लागतो.”

“त्येच तर,” खाजा मिया म्हणाले, आणि पुन्हा चाक पुसू लागले.

मंजुळाबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग त्या जरा वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “माझं नाव काढणार असाल तर आधी सांगा. ते काचेतलं पान मी माझ्या हातानं उतरवीन. गिऱ्हाइकानं इचारल्यावर न्हाई.”

“माझा ट्रक तर कव्हाच भंगारात गेला,” भावसिंग म्हणाले. “मागची फळी तेवढी ठेवलीय घरात. नातू दाखवतो लोकाला.”

उकंडरावांनी नुसता धोतराचा सोगा नीट केला, आणि ते त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

यास्मीनला लहानपणची एक दुपार आठवली. ती दहा वर्षांची असेल. ह्याच दुकानात, ह्याच मशीनजवळ तिनं विचारलं होतं, “अब्बा, सगळ्यांची नावं टाकता, माझं कधी टाकणार?” खाजा मिया खिळा हातात धरून म्हणाले होते, “पत्रिकेत घरच्यांचं नाव शेवटी असतं, बेटी. आधी पाहुणे.” तिला ते पटलं होतं. पुढं भाग निघत गेले, ती बी.एस्सी. झाली, लग्न होऊन शिरडला गेली. मालिका थांबली, आणि शेवट आलाच नाही.

तिनं वही पुढं ओढली. वर्गात मुलांनी एकाच प्रयोगाची तीन वेगळी उत्तरं आणली, की ती कोणाला खोटं ठरवत नसे. आधी विचारत असे, तुम्ही काय मोजलं, कुठं उभं राहून मोजलं.

“भांडण बाजूला ठेवा,” ती म्हणाली. “मला तीन गोष्टी दिसल्यात. पहिली, तिघांनी नकाशा तीन वेगळ्या जागांहून उचललाय. तिजोरी, मेज, खोकं. एका जागेहून दोघांनी चोरला, असं अब्बांनी कुठंच लिहिलेलं नाही. दुसरी, तारीख. तिन्ही चोऱ्या तिसऱ्या चंद्राच्या ग्रहणाच्याच दिवशी झाल्यात.”

“मग?” भावसिंग म्हणाले.

“तिसरी गोष्ट चित्रांची. लोक म्हणतात, एकच नकाशा गोल, चौकोनी आणि तिकोनी कसा? अब्बा, ही चित्रं कुठून आणली होती?”

खाजा मिया पहिल्यांदाच जरा हसले. उठून ते मागच्या फळीकडे गेले, हातानंच चाचपून एक पत्र्याचा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. आत जुने ठसे होते, जाहिरातींचे, देवादिकांचे, नवरा-नवरीचे. त्यांनी बोटांनी ओळखून एक उचलला.

“हा गोल. सायकलवाल्याच्या जाहिरातीतली टायर. आत त्याचं नाव होतं, ते म्या कानशीनं घासलं. कानस सटकली, तिथं काठ तुटला.”

यास्मीननं ठसा हातात घेतला. घड्याळात पाच असतात तिथं, पण उलट्या बाजूला, दोन मिलिमीटरची खाच होती.

“चौकट तर साधी. पितळी पट्ट्या, पत्रिकेला लावतो त्याच.”

“आणि त्रिकोण?”

खाजा मियांनी तो काढला, पण लगेच दिला नाही. उकंडरावांकडे पाहिलं. “उकंड्या, राग मानू नको. दुसरं काही हाताशी नव्हतं.”

“काय हाय ते?”

“दवाखान्याची पत्रकं छापायचो ना आपुन. हा कुटुंब नियोजनाचा त्रिकोण हाय. तांबड्या शाईऐवजी काळ्या शाईत छापला, एवढंच.”

मग मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि थांबेनात.

“सात लेकरांचा बाप,” त्या कशाबशा म्हणाल्या, “अन् चोरून काय आनलं, तर ते.”

“चोरला म्हणूनच सात झाले,” भावसिंग म्हणाले. “जागेवर ठेवला असता तर दोनात भागलं असतं.”

उकंडराव रागवायच्या बेतात होते. पण शेवटी त्यांच्याही खांद्यांना हसू आवरलं नाही. “वीस वर्षं म्या ते पान खिशात घेऊन हिंडलो,” ते म्हणाले. “बायकोला दाखवलं. ती म्हनली, बघितल्यावानी वाटतंय.”

यास्मीन हसली, पण तिचं बोट आकड्यांवरच होतं. “अब्बा, तिन्हींची रुंदी सारखी कशी?”

“जागाच तेवढी सोडायचो. आठ एम.”

एम हे छापखान्याचं माप, सव्वाचार मिलिमीटरच्या आसपासचं. आठ एम म्हणजे चौतीस. चौकटीची उंची त्यांनी सात एम धरली होती. सात एम म्हणजे साडेएकोणतीस. आणि आठ एम बाजूच्या समभुज त्रिकोणाची उंची, दुसरं काहीही न करता, सातच्या जवळच येते. तिनं वहीच्या कडेला गुणाकार करून पाहिला. सहा पूर्णांक त्र्याण्णव. डोळ्याला फरक दिसणार नाही.

तिच्या मनात काहीतरी हललं. प्रयोगशाळेत काटा हलतो तसं, थोडंसंच. तिनं मंजुळाबाईंच्या पिशवीकडे पाहिलं. वर पांढरेशुभ्र, मनगटाएवढे मुळे होते.

“मावशी, एक मुळा घेऊ?”

“घे की. भाजी करतीस का आता?”

तिनं सगळ्यात जाड मुळा निवडला आणि कागद कापायच्या सुरीनं त्याचा एक तुकडा काढला. आडवी रुंदी मोजली, एक्कावन्न. वहीत त्रैराशिक मांडलं. उंची चव्वेचाळीस हवी. तेवढी ठेवून दोन्ही टोकं सपाट केली. समोर एक लहानसा गोल खांब उभा राहिला. मग तिनं वरच्या गोलाच्या मधोमध नखानं एक सरळ रेघ ओढली आणि त्या रेघेपासून दोन्ही बाजूंना तिरपं कापत थेट तळाच्या काठापर्यंत आली. दोन फाका खाली पडल्या. उरलेल्या तुकड्याला तळाशी गोल बूड होतं आणि माथ्यावर धार, छपराच्या आढ्यासारखी.

तिघंही पुढं सरकले होते. खाजा मियांना नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं तुकडा आधी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी फिरवला, एकदा, दोनदा, आणि त्यांची बोटं थांबली.

“या इकडं,” ती म्हणाली.

छापखान्याचं दार मावळतीकडे. हिवाळ्याचं उतरतं ऊन सरळ आत शिरून मागच्या चुन्याच्या भिंतीवर पडलं होतं. टॉर्चपेक्षा ऊन बरं, सूर्याचे किरण समांतर असतात, सावली वाकत नाही. हे मात्र ती मनातच म्हणाली, कारण हा वर्ग नव्हता. तिनं तुकडा उन्हात धरला, बूड दाराकडे करून. भिंतीवर गोल सावली पडली.

“भावसिंगकाका, हा तुमचा नकाशा. यंत्र वरून पाहिलं तर असं दिसतं.”

तिनं तुकडा उभा केला, धार आडवी ठेवून. गोल गेला, चौकट आली.

“मावशी, हा तुमचा. समोरून पाहिलं तर असं.”

मग पाव फेरा फिरवला. चौकटीचे वरचे दोन्ही कोपरे आत आले आणि भिंतीवर त्रिकोण उभा राहिला.

“हा उकंडरावकाकांचा. बाजूनं पाहिलं तर. ठशात टोक खाली होतं, तेवढं सोडून द्या.”

बाहेर बाजारात कोणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं.

“कोणतंही यंत्र बांधायचं तर एक चित्र पुरत नाही,” यास्मीन म्हणाली. “वरचं लागतं, समोरचं लागतं, बाजूचं लागतं. तीन कागद. आणि दरबार काही खुळा नव्हता, तिन्ही कागद एका जागी ठेवायला. एक तिजोरीत, एक मेजावर, एक खोक्यात. तिघांनी एकाच दिवशी एकेक कागद उचलला. ज्याला त्याला वाटलं, आपल्या हातात आहे तोच नकाशा. खोटं कोणीच बोललं नाही. कोणत्याही भागातली एक ओळ बदलायची गरज नाही.”

“पुन्हा दाखव,” भावसिंग म्हणाले.

तिनं पुन्हा दाखवलं. गोल, चौकट, त्रिकोण. मग भावसिंगांनी तुकडा स्वतः धरला, मग मंजुळाबाईंनी, मग उकंडरावांनी. उकंडरावांनी त्रिकोणापाशी हात जरा जास्त वेळ थांबवला.

“म्हंजे माझ्याबिगर यांचं काम झालं नसतं,” ते म्हणाले.

“तुमच्याबिगर कोनाचंच होत न्हाई, उकंडराव. अख्खा देश सांगतोय,” मंजुळाबाई म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. “मग पान राहू देते काचेत.”

“राहू द्या,” भावसिंग म्हणाले. “माझ्या फळीवर मात्र ‘पहिला’ लिवून घेतो. मी आधी चोरला.”

“लिवा. वरून बघितल्यावर सगळं गोलच दिसतंय,” मंजुळाबाई म्हणाल्या.

खाजा मिया बाकावर बसले होते. यास्मीन त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

“अब्बा, तुम्ही हे मनात धरून केलं होतं का?”

खोटं बोलायला त्यांना फार सोपं होतं. तिनं तशी वाट मोकळी ठेवली होती. पण त्यांनी मान हलवली.

“न्हाई. मला एवढंच ठाऊक होतं की तिघांतलं कोनी लबाड न्हाई. पण ते खरं कसं करावं, हे काही गावलं न्हाई. रोज खणासमोर उभा राहायचो. एकाचं नाव उचललं की दुसऱ्याचं तोंड समोर यायचं. सतरा वर्षं ह्येच करून राहिलो.” मग ते म्हणाले, “म्या शिसं जुळवलं. तू मानसं जुळवली.”

तिनं मुळ्याचा तुकडा पुसून ठशांच्या डब्यात ठेवला, टायर, पितळी पट्ट्या आणि त्रिकोणाशेजारी. दोन दिवसांत तो सुकून वाकडा होईल, हे तिला माहीत होतं. मग आपण शाळेच्या सुताराकडून लाकडाचा करून घेऊ, एक्कावन्न बाय चव्वेचाळीस, असंही तिनं ठरवून टाकलं.

पाचला तीन मिनिटं असताना फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकून मशीनच्या पाटीवर ठेवला.

“ताई, सर समोरच बसलेत,” प्रतिक्षाचा आवाज आला. “मियांनी काही ठरवलं का?”

“ठरवलंय. तेच सांगतील.”

“नमस्कार, मिया. मी डोंगरकड्याची प्रतिक्षा. लिहून घेते. सूर्यशोषकाचा नकाशा कोणी चोरला?”

खाजा मिया उठले. खिळे जुळवताना उभे राहत तसे घोड्यासमोर जाऊन उभे राहिले, एक हात रिकाम्या खणावर ठेवून. भावसिंग, मंजुळाबाई आणि उकंडरावही उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी.

“घे पोरी,” ते म्हणाले. “महासभेत तिघं उभे हायेत. तिघांनी चोरला. भावसिंगनं वरचा, मंजुळानं समोरचा, उकंड्यानं बाजूचा. तिन्ही भागातली एक ओळ बदलायची न्हाई. मग सभापती इचारते, हे तीन कागद एका जागी लावून यंत्र ओळखलं कोनी? तव्हा मागच्या रांगेतून एक मास्तरीण उठते. तिचं नाव यास्मीन. बारावा भाग तीच लिवनार, अन् ते नाव तिथंच, शेवटी टाक. घरचं हाय.”